कव्हरवरचा गडी

सप्तापूरला चेहऱ्यांची वाण नाही. धारवाडच्या या भागात स्पर्धा परीक्षांचे क्लास, अभ्यासिका, भाड्याच्या खोल्या, भाकरीच्या खानावळी आणि झेरॉक्सची दुकानं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर फ्लेक्स आहेत. पासपोर्ट फोटो मोठा करून लावलेला, खाली नाव, त्याखाली पद: केएएस, पीएसआय, पीडीओ, एफडीए. फोटोतल्या पोरापोरींच्या चेहऱ्यावर अजून परीक्षेचाच ताण असतो, कारण फोटो हॉलतिकिटासाठी काढलेला असतो आणि यश नंतर आलेलं असतं. एकच गुणवंत समोरासमोरच्या दोन क्लासच्या फ्लेक्सवर दिसला तरी कोणी थांबून विचारत नाही. पोराने एकीकडे सामान्यज्ञान शिकलं असेल, दुसरीकडे गणित.

फ्लेक्सवर कोण जाणार हे इथे यादी ठरवते. गुणांची यादी, मग निवड यादी. यादीवर विश्वास आहे तोवर फ्लेक्सवरही आहे. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये कर्नाटकात पीएसआयच्या ५४५ जागांसाठी परीक्षा झाली, निकाल लागला, आणि गैरप्रकार उघडकीला आल्यावर २०२२च्या एप्रिलमध्ये सरकारने ती परीक्षाच रद्द केली. तेव्हा फ्लेक्सवरून चेहरे उतरवणं किती अवघड असतं, हे धारवाडच्या पोरांइतकं क्वचितच कोणाला कळलं असेल. ज्यांनी घासून अभ्यास केला होता त्यांचेही चेहरे त्याच यादीत होते.

रात्री दहाच्या पुढे मात्र या खोल्यांत दुसऱ्याच याद्या चालतात. खानापूर, निपाणी, बेळगावकडची मराठी बोलणारी पोरं आणि हावेरी-गदगची कन्नड पोरं एका खोलीत राहतात, आणि पुस्तक मिटलं की मोबाइलवर फुटबॉल सुरू होतो. ‘काय करालास रे, पास दे की गड्या!’ असा एक आवाज, त्यावर कन्नडमध्ये एक ठेवणीतली शिवी, आणि खाली राहणाऱ्या घरमालकांचा खाकरा. या खेळाच्या आयकॉनवर एक खेळाडू असतो. पूर्वी तो डबीच्या कव्हरवर असे, आता अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनात मावतो. तो तिथे कसा आला, हे खेळणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. काही वर्षं तो चक्क मतदानाने येत होता.

या गोष्टीची सुरुवात अमेरिकेत होते, आणि तीही त्यांच्या फुटबॉलमध्ये, ज्याला पायांपेक्षा हातच जास्त लागतात. १९८८ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने जॉन मॅडन नावाच्या प्रशिक्षकाच्या नावाने एक संगणकीय खेळ काढला. पुढची दहा-बारा वर्षं कव्हरवर मॅडन स्वतःच होते: जाडजूड, केस विस्कटलेले, समालोचनात हातवारे करणारे. २००० सालापासून मात्र दरवर्षी एक खेळाडू कव्हरवर येऊ लागला आणि त्यासोबत एक वदंताही आली. कव्हरवर येईल त्याचं पुढचं वर्ष वाईट जातं. २००३मध्ये मायकल व्हिक कव्हरवर आला आणि मोसम सुरू होण्याआधीच्या सराव सामन्यात त्याचा पाय मोडला, तेव्हापासून या ‘शापा’वर वर्तमानपत्रं पोसली गेली. शापावर विश्वास ठेवायला फार काही लागत नाही. कव्हरवर जो येतो तो आधीचं वर्ष गाजवून येतो, आणि गाजवलेल्या वर्षानंतरचं वर्ष बहुतेकांचं थोडं उतरतंच.

मतदानाचा खरा तमाशा २०११मध्ये झाला. लीगच्या ३२ संघांतून प्रत्येकी एक असे ३२ खेळाडू निवडून त्यांची बाद फेरी लावली, प्रत्येक फेरीत दोघांची जोडी, आणि लोकांनी इंटरनेटवर मत द्यायचं. क्लीव्हलँड ब्राउन्सचा पेटन हिलिस या यादीत होता, पण कोणाच्या हिशेबात नव्हता. नव्या खेळाडूंच्या २००८च्या निवडीत तो सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतला गेला होता. २०१०मध्ये डेन्व्हरने दुसऱ्या खेळाडूच्या बदल्यात त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं होतं. बांधा बैलासारखा आणि चालही तशीच, समोरच्याला वळसा घालायच्या ऐवजी त्याच्या अंगावरून जाणारा. त्या वर्षी चेंडू घेऊन तो १,१७७ यार्ड धावला. त्याचा संघ मात्र १६पैकी ११ सामने हरला.

पहिल्याच फेरीत त्याची गाठ बॉल्टिमोरच्या रे राइसशी पडली. क्लीव्हलँडच्या माणसाला बॉल्टिमोर म्हटलं की काय होतं, हे समजून घ्यायला १९९५ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी ब्राउन्सच्या मालकाने संघ उचलून बॉल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. गावाने भांडून नाव आणि रंग राखले, पण तीन मोसम मैदान रिकामं राहिलं. १९९९मध्ये नवा संघ मिळाला आणि तो बहुतेक वेळा हरतच राहिला. वर २०१०च्या जुलैमध्ये शेजारच्या ॲक्रनमध्ये वाढलेला बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स दूरदर्शनवर एक तासाचा कार्यक्रम करून, सगळ्या देशासमोर, क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला. अशा शहरापुढे कोणीतरी एक मतपेटी आणून ठेवली.

राइस गेला. मग मॅट रायन गेला, जमाल चार्ल्स गेला. उपांत्य फेरीत आरन रॉजर्स होता. दोन-तीन महिन्यांपूर्वीच ग्रीन बेला सुपर बोल जिंकून देणारा, त्या घडीचा बहुधा देशातला सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक. तोही हरला. अंतिम फेरीत मायकल व्हिक. तोच, मोडक्या पायाचा, जो मधल्या काळात कुत्र्यांच्या झुंजी लावल्याबद्दल तुरुंगात जाऊन आला होता आणि परत येऊन जबरदस्त खेळत होता. हिलिसला ६६ टक्के मतं पडली.

क्रीडा पत्रकारांनी कपाळावर हात मारला. रॉजर्सपेक्षा हिलिस चांगला? हा प्रश्नच चुकीच्या मतपेटीला विचारलेला होता. रॉजर्सच्या चाहत्यांना त्या वसंतात काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं, त्यांच्याकडे चषक होता. क्लीव्हलँडकडे काहीच नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे वेळ होता, राग होता आणि मत होतं. त्यात मालक आणि खेळाडू यांच्या भांडणामुळे लीगला टाळं लागलेलं, बातम्यांत वकिलांशिवाय कोणी दिसेना, तेव्हा मत देणं एवढाच काय तो फुटबॉल उरला होता. असल्या मतदानात सगळ्यात चांगला जिंकत नाही. ज्याच्या मागे सगळ्यात जास्त उपाशी गाव असतं तो जिंकतो. जगभरातली उदाहरणं एकामागोमाग ठेवली की हे अधिकाधिक खरं वाटू लागतं.

हिलिसचं पुढचं वर्ष पडेल गेलं. ५८७ यार्ड, दुखापती, घसा सुजल्यामुळे चुकलेला एक सामना आणि त्यावरून कुजबुज. मोसम संपल्यावर तो कॅन्सस सिटीला गेला. शापवाल्यांना आणखी एक पुरावा मिळाला. पण त्याच्या पुढच्या वर्षी, पुन्हा मतदानानेच, डेट्रॉइटचा कॅल्विन जॉन्सन कव्हरवर आला आणि त्याने एका मोसमात १,९६४ यार्डांचे झेल घेऊन आधीचा विक्रम मोडला. डेट्रॉइटही तसंच गाव, मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेलं. मतदानाने आलेल्या या दोघांतला एक बुडाला, एक तरला. शाप मताची फेरमोजणी करत नसावा.

गावाने मतपेटी ताब्यात घेण्याची गोष्ट त्याहूनही जुनी आहे. १९५७मध्ये बेसबॉलच्या तारांकित सामन्यासाठी चाहत्यांच्या मतांनी संघ निवडायचा होता. सिनसिनाटीच्या वर्तमानपत्राने आधीच नावं भरलेल्या मतपत्रिका छापून वाटल्या आणि लोकांनी त्या गठ्ठ्यांनी पाठवल्या. आठ जागांपैकी सात जागांवर सिनसिनाटीचे खेळाडू निवडून आले. चौकशीत निघालं की आलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त त्या एका शहरातली होती. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोघांना काढून विली मेज आणि हँक ॲरन यांना घेतलं आणि चाहत्यांचा मताचा हक्कच काढून टाकला. तो परत मिळायला १९७० उजाडलं. मेज आणि ॲरन हे दोघेही बेसबॉलच्या इतिहासातल्या पहिल्या रांगेतले, तेव्हा फ्रिक यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. तरी सिनसिनाटीच्या त्या गठ्ठे बांधणाऱ्या माणसांबद्दल एक चोरटं कौतुक वाटत राहतं.

कधी कधी लोक निव्वळ खोडी काढायला मत देतात. २०१६च्या आइस हॉकीच्या तारांकित सामन्यासाठी चाहत्यांनी जॉन स्कॉट नावाच्या, गोल करण्यापेक्षा मारामारी करण्यासाठीच ठेवलेल्या धिप्पाड खेळाडूला निवडून दिलं. मध्येच त्याच्या क्लबने त्याला दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं आणि तिथून त्याची रवानगी खालच्या लीगमध्ये झाली. तरी तो आला, कर्णधार म्हणून खेळला, दोन गोल केले आणि सामन्याचा मानकरी ठरला. चेष्टा म्हणून टाकलेलं मत शेवटी खरं झालं.

पायांनी खेळतात त्या फुटबॉलच्या खेळातही हा प्रयोग झाला. फिफा नावाने हा खेळ १९९३च्या डिसेंबरपासून २०२२पर्यंत निघत होता. पहिल्या कव्हरवर इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट आणि पोलंडचा एक खेळाडू झगडताना दिसतात. कोणी कोणाला निवडलं वगैरे भानगड नव्हती, चांगला फोटो मिळाला तो लावला. पुढे कव्हर हे भांडवल झालं. २०१५मध्ये ब्रिटनमधल्या आवृत्तीवर मेस्सीशेजारी कोण, यासाठी मतं मागवली आणि लिव्हरपूलचा जॉर्डन हेंडरसन आला. त्याच वर्षी खेळात पहिल्यांदा स्त्रियांचे संघ आले आणि अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतल्या कव्हरांवर पहिल्यांदा स्त्री खेळाडू. २०१६च्या जुलैमध्ये मग साऱ्या जगासाठी एकच मतदान ठेवलं. नावं चार: बेल्जियमचा एडन हजार्ड, कोलंबियाचा हामेस रोड्रिगेज, फ्रान्सचा आँतोनी मार्सियाल आणि जर्मनीचा मार्को रॉइस.

रॉइस जिंकला. तो डॉर्टमुंडचाच, तेव्हा गावच्याच क्लबकडून खेळणारा. २०१४च्या विश्वचषकाला निघण्याआधीच्या शेवटच्या सराव सामन्यात त्याचा घोटा दुखावला आणि जर्मनी त्याच्याशिवाय जगज्जेती झाली. चषक घेताना मारिओ ग्योट्झेने रॉइसची जर्सी हातात धरली होती. २०१६च्या युरो स्पर्धेच्या संघातून त्याचं नाव वगळलं गेलं ते ३१ मे रोजी, त्याच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, पुन्हा दुखापतीमुळे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हे मतदान. रोड्रिगेजने विश्वचषकात सर्वाधिक गोल केले होते, हजार्ड इंग्लिश लीग जिंकून बसला होता. लोकांनी मत टाकलं ते हातातून दोनदा चषक निसटलेल्या माणसाला. २०१७च्या मे महिन्यात रॉइसला अखेर जर्मन चषक मिळाला, आणि त्याच अंतिम सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध दुखावून तो अर्ध्यावर बाहेर गेला. शापवाल्यांनी याचंही काहीतरी केलं असेलच.

आता ही चार नावं कोणी ठरवली? कंपनीने. ३२ खेळाडू कोणी ठरवले? कंपनीने आणि मतदान घेणाऱ्या क्रीडा वाहिनीने मिळून. मत लोकांचं, मतपत्रिका दुकानदाराची. पेढे घेताना कुठला हवा ते गिऱ्हाईक सांगतं, पण काचेमागे काय मांडायचं ते हलवाई ठरवतो, तसं हे. आणि मत द्यायला आलेला माणूस फुकट जाहिरात करून जातो: दोस्ताला सांगतो, भांडतो, रोज येऊन आकडे बघतो. खेळ बाजारात यायला अजून दोन-तीन महिने असतात आणि तोवर त्याचं नाव घराघरांत जाऊन आलेलं असतं. हे माहीत असूनही लोक मत देतात, आणि त्यांना भोळं म्हणणं सोपं आहे. पण क्लीव्हलँडला काय मिळालं ते क्लीव्हलँडला ठाऊक. कंपनीला खेळ विकायचा होता, गावाला बॉल्टिमोरला हरवायचं होतं. दोघांचंही काम एकाच बटणाने झालं.

आपल्याकडे हे बटण मोबाइलच्या एसएमएसमधून आलं. २००५च्या मार्चमध्ये मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ झाला तेव्हा मराठी घरांत लोकांनी नेहमीपेक्षा महागडे एसएमएस पाठवले होते. गाण्याचं कळत असो नसो, आडनाव कळत होतं. पण सप्तापूरच्या पोरांना सांगावी अशी गोष्ट २००७ची आहे. त्या वर्षी अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल होते. तमांग कोलकाता पोलिसांत शिपाई होता. त्याच्या मतांसाठी दार्जिलिंगच्या डोंगरांत वर्गण्या निघाल्या, मिरवणुका निघाल्या, फुकट फोन करता यावा म्हणून केंद्रं उघडली गेली. इकडे शिलाँगमध्ये, जिथे खासी आणि बाहेरून आलेले यांच्यात वर्षानुवर्षं धुसफूस होती, तिथे सगळे मिळून अमित पॉलसाठी मतं देत होते, आणि मेघालय सरकारने त्याला शांततेचा दूत नेमलं. तमांग जिंकला.

गोष्ट तिथेच थांबली नाही. तमांगसाठी मतं गोळा करणाऱ्यांत बिमल गुरुंग पुढे होते. डोंगरांतले जुने नेते सुभाष घिशिंग या उत्साहापासून लांब राहिले आणि डोंगर त्यांच्या हातून सुटत गेला. २००७च्या ऑक्टोबरमध्ये, अंतिम फेरीनंतर तीन आठवड्यांच्या आत, गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. दार्जिलिंगच्या डोंगरांसाठी वेगळ्या राज्याची मागणी त्याच्या कितीतरी आधीची होती, गाण्याच्या स्पर्धेने ती निर्माण केली नाही. पण आपण एकत्र आलो तर आकडा हलतो, हे लोकांनी आधी टीव्हीवर करून पाहिलं होतं.

मराठी माणसाच्या आठवणीतलं सगळ्यात मोठं असं मतदान २०१२चं. आउटलुक साप्ताहिक, सीएनएन-आयबीएन आणि हिस्टरी टीव्ही१८ यांनी गांधीजींनंतरचा सर्वश्रेष्ठ भारतीय कोण, असा कौल घेतला. कल्पना बीबीसीच्या २००२च्या कार्यक्रमावरून घेतलेली. तिथे चर्चिल पहिले आले होते आणि दुसरे आले होते अभियंता ब्रुनेल, कारण त्यांच्या नावाच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मोहीमच उघडली होती. भारतात संकेतस्थळावर मत देता येत होतं आणि मिस्ड कॉलनेही. परीक्षकांचं मत आणि बाजार-सर्वेक्षणही जमेस धरलं होतं. ऑगस्टमध्ये निकाल आला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

काही जाणत्या लोकांनी नाकं मुरडली. हा संघटित मतदानाचा परिणाम आहे, म्हणाले. संघटित होणं हा दोष कधीपासून झाला, असं त्यांना विचारता आलं असतं. ज्या समाजाला शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद मिळत होता त्याच्या हातात मिस्ड कॉल आला आणि त्याने तो वापरला. नागपूर, औरंगाबाद, मुंबईच्या वस्त्यांत ज्यांनी तो कॉल दिला ते कुठल्या सेनापतीला आणि कुठल्या क्रिकेटपटूला किती गुण द्यायचे याचा तौलनिक अभ्यास करत बसले नव्हते. त्यांनी आपला माणूस पुढे ठेवला.

याचा एक धागा धारवाडला येऊन पोचतो. १९२९च्या सुमारास बाबासाहेबांनी धारवाडमध्ये दलित मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं, आणि त्याची व्यवस्था बळवंतराव वराळे पाहत. बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई काही काळ वराळ्यांच्या घरी राहायला आल्या होत्या. वसतिगृहातली मुलं उपाशी आहेत असं कळल्यावर त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण मराठी घराघरांत सांगितली जाते. आज सप्तापूरच्या खोल्यांत राहून परीक्षा देणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जणांना त्या वसतिगृहाचा पत्ता ठाऊक नाही. पण गावाकडून येऊन धारवाडला खोली करून शिकायचं, ही वाट ज्यांनी बांधली त्यांत ते वसतिगृहही होतं.

चेहऱ्यांच्या या गर्दीत धारवाडचं एक तिरकं वैशिष्ट्य सांगायला हवं. कथाकार जी. ए. कुलकर्णी इथे वर्षानुवर्षं राहिले, इंग्रजी शिकवत राहिले आणि फोटोपासून पळत राहिले. जे थोडे फोटो आहेत त्यांत डोळ्यांवर काळा चष्मा. ‘काजळमाया’ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा त्यांनी पुरस्कार परत करून टाकला. जीएंना कव्हरवर येण्यासाठी मतं मागायला लावणाऱ्या कंपनीची कल्पनाच करवत नाही. त्यांचा वाचक मात्र त्यांच्यासाठी अजूनही मारामारी करायला तयार असतो.

खेळाकडे परत यायचं तर, भारतातल्या पोरांनी हे कव्हर फारसं पाहिलंच नाही. २००५-०६च्या सुमारास सायबर कॅफेत आणि होस्टेलवर फिफाची सीडी फिरत असे ती पारदर्शक पाकिटात, वर मार्कर पेनने लिहिलेलं ‘फिफा ०६’. रुनी आणि रोनाल्डिन्हो कव्हरवर होते हे कळायला इंटरनेटच हवं. चोरीच्या सीडीला कव्हर नसतं आणि चोरट्या गिऱ्हाइकाला कोणी मत विचारत नाही. आपला खेळाडू त्या यादीत कधी का नव्हता, याचं अर्धं उत्तर त्या पाकिटात आहे. बाकी अर्धं मैदानावर.

२०२१च्या शरदात इंडियन सुपर लीग फिफा २२ या खेळात दाखल झाली. अकरा संघ: एफसी गोवा, मुंबई सिटी, बंगळुरू, हैदराबाद आणि बाकीचे. कन्नड पोराला बंगळुरू घेऊन खेळता येऊ लागलं, खानापूरच्या पोराला लोंढ्याच्या घाटापलीकडचा गोवा. गंमत अशी की कोरोनामुळे तो मोसम सगळाच्या सगळा गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर झाला, आणि अंतिम सामना येईपर्यंत प्रेक्षकांना आत सोडलंच नाही. म्हणजे मोबाइल आणि टीव्हीवरच्या खेळात प्रेक्षागृह खच्चून भरलेलं, झेंडे, गाणी, आरोळ्या, आणि खऱ्या सामन्यात प्रशिक्षकाचा घसा तेवढा ऐकू येतो. त्या मोसमाचं विजेतेपद हैदराबादने पेनल्टीवर घेतलं, आणि हैदराबादच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला.

कोल्हापूरला मतपेटी लागत नाही. तिथे पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांसाठी शाहू स्टेडियम भरतं. पेठेतल्या पेठेत वैर असतं आणि कोणाचा फ्लेक्स किती फुटी लावायचा हे पेठ ठरवते. केरळात कोझिकोडजवळ पुल्लावूरला २०२२च्या विश्वचषकाआधी लोकांनी नदीत मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभा केला, मग दुसऱ्यांनी शेजारी नेमारचा चाळीस फुटी. फिफाने, म्हणजे खेळाने नव्हे तर फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, त्याचा फोटो जगाला दाखवला. कव्हर कंपनीने ठरवलं नाही, यादी कोणी दिली नाही. वर्गणी काढली, सुतार बोलावला, रात्रीतून उभं केलं. अशा मतदानाला टक्के नसतात, फूट असतात.

भारताच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री यालाही लोकांकडे मत मागावं लागलं होतं, फक्त ते बटणावरचं नव्हतं. २०१८च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानात आंतरखंडीय चषकाची स्पर्धा होती. चायनीज तैपेईविरुद्ध भारत ५-० जिंकला, छेत्रीने तीन गोल केले, आणि अधिकृत आकड्यानुसार ते बघायला २,५६९ माणसं आली होती. छेत्रीने मोबाइलवर एक चित्रफीत काढली आणि हात जोडले. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन द्या, असा तिचा मतलब. केनियाविरुद्धचा पुढचा सामना त्याचा भारतासाठी शंभरावा होता. ४ जूनला मुंबईत धो धो पाऊस पडला, तिकिटं तरी सगळी संपली, आणि चिखलपाण्यात भारत ३-० जिंकला. त्यातले दोन छेत्रीचे. सहा दिवसांनी अंतिम सामन्यातही केनियाच समोर होता आणि दोन्ही गोल छेत्रीचेच. त्या दोन गोलांनी त्याचे आंतरराष्ट्रीय गोल ६४ झाले. त्या दिवशी मेस्सीचेही तेवढेच होते. मेस्सी तोवर फिफाच्या कव्हरवर सलग चार वर्षं झळकून गेला होता. २०१६च्या मतपत्रिकेवर नावं चार होती, आणि छेत्रीला मत द्यायला निघालेल्या माणसाला अंधेरीचं तिकीट काढण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.